ज्यांना अंदाजे चालत नसे

आमच्या संग्रहालयात युरोपियन दालन पहिल्या मजल्यावर होतं आणि तिथे येणारी निम्मी माणसं स्वच्छतागृह शोधत आलेली असत. खाली तलवारी, समया, अडकित्ते. सगळी गर्दी तिथे. जिना चढून वर आलं की समोर संगमरवरी बायका आणि काळपट पडलेली तैलचित्रं. लोक दारात थबकत आणि चुकून कुणाच्या दिवाणखान्यात शिरल्यासारखे मागे फिरत. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलामागून आवाज येई, "ते डावीकडे आहे. येताना हे बघून जा."

त्या आमच्या क्युरेटर. मी त्यांना मॅडम म्हणे, शिपाईमामा बाई म्हणत. ठेंगण्या, केस घट्ट मागे बांधलेले, सुती साडी, गळ्यात चष्मा आणि खांद्याच्या पिशवीत कायम दोन वस्तू : एक बारीक टॉर्च आणि एक स्टीलची टेप.

मी सहायक म्हणून लागले तेव्हा नुकतीच एम.ए. झाले होते. पहिल्याच दिवशी मॅडमनी ती टेप माझ्या हातात दिली आणि पायातला काटा काढत बसलेल्या संगमरवरी मुलाकडे बोट दाखवलं.

"याची उंची सांग."

मी नुसतं बघूनच म्हटलं, "अंदाजे अडीच फूट असेल."

"भाजीत मीठ अंदाजे घालतात. इथे टेप आहे."

त्यांचे वडील कारखान्यात फिटर होते. नागपूरकडचं कुटुंब. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि वडिलांनी पुण्याची नोकरी. त्या सांगत, की त्यांच्या घरी ‘अंदाजे’ ही शिवी होती. वडील घरी पडद्याचा दांडा बसवतानासुद्धा तीनदा मोजत, आणि आई म्हणे, "रेल्वे जाणार आहे का त्याच्यावरून?" मॅडम एरवी शुद्ध पुणेरी बोलत. फोनवर आई असली की मात्र त्यांची भाषा क्षणात रूळ बदलायची. "हो, जेवून राहिली ना मी, आई." फोन ठेवला की पुन्हा पुणेरी.

दालनात ‘सुंदर’ म्हणायला बंदी होती. म्हणजे तशी पाटी नव्हती. पण कुणी म्हणालंच, की मॅडम विचारत, "काय दिसलं?" बहुतेक लोक गोंधळून काढता पाय घेत. एकदा एक निवृत्त गृहस्थ समुद्रदेवतेच्या पुतळ्यासमोर उभे राहून "वा, काय सुंदर" म्हणाले. मॅडमनी विचारलं, "काय दिसलं?" ते रागावले, पण गेले नाहीत. दहा मिनिटं पुतळ्याभोवती फिरले आणि परत येऊन म्हणाले, "उजव्या पायाचा अंगठा तुटलाय. नंतर बसवलाय. दगडाचा रंग वेगळा आहे." मॅडमनी शेजारची खुर्ची ओढली. "बसा. चहा घेणार?" माझ्या सात वर्षांत हा मान मिळालेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

हा सगळा संग्रह एका जुन्या श्रीमंत गृहस्थांचा. ते युरोपात हिंडून आले आणि येताना आवडेल ते बोटीत घालून घेऊन आले. त्यातले बरेचसे पुतळे म्हणजे प्रवाशांना विकण्यासाठी इटलीतल्या कारखान्यांत घडवलेल्या प्रती. मॅडमनी पाट्यांवर सरळ तसं लिहिलं. विश्वस्त मंडळ हादरलं. सचिव हे निवृत्त सरकारी अधिकारी, सभ्य माणूस. ते वर येऊन म्हणाले, "मॅडम, आपण ‘प्रत’ असं लिहिलंत तर लोकांना वाटेल खोटं आहे."

"आपल्या घरी पोथी आहे ना?"

"आहे. पणजोबांच्या हातची."

"ती त्यांनी रचली, की उतरवून घेतली?"

सचिव पाटी पुन्हा एकदा वाचून खाली गेले. पाटी राहिली.

दुसरा एक प्रसंग मात्र इतका गोड नव्हता. चित्रावरचा बारीक मळ काढायला मॅडम कापसाचा बोळा जिभेवर ओला करून वापरत. थुंकीने तो मळ हळुवार सुटतो, जगभर ही रीत आहे. त्या दिवशी सकाळपासून त्या चहा पीत नसत, तिखट खात नसत. मामा खाली सगळ्यांना सांगत, "आज बाईंचं चित्र हाय, च्या नेऊ नका वर." एकदा मंडळाचे एक जुने सदस्य नेमके त्या वेळी आले. बघून त्यांचा चेहरा आंबला.

"हे काय, उष्टं लावता?"

मॅडमनी रीत समजावून सांगितली. परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांतही असंच करतात, म्हणाल्या.

"तिथे करत असतील," सदस्य म्हणाले.

"तिथली थुंकी वेगळी असते का?" मॅडमनी विचारलं आणि पुढचा बोळा घेतला.

मी मान खाली घालून उभी होते. त्या दोन वाक्यांत काय देवाणघेवाण झाली ते कळायला मला घरी जाईपर्यंत वेळ लागला. एकदा कुण्या बाईंनी त्यांना गोड आवाजात विचारलं होतं, "आडनावावरून लक्षात नाही आलं. तुम्ही मूळच्या कुठल्या?" मॅडम म्हणाल्या होत्या, "मूळची मी या खुर्चीतली." मला तेव्हा हसू आलं होतं. थुंकीच्या दिवसानंतर त्यातलं हसू थोडं कमी झालं.

आता मला त्या दिवसांबद्दल लिहायचं आहे, जे आठवले की आधी वाईट वाटतं आणि मग लगेच बरं.

मॅडमच्या निवृत्तीला चार महिने होते. पदभार सोपवण्यापूर्वी दालनातल्या प्रत्येक वस्तूची पडताळणी करायची होती. त्यांनी ती मला दिली आणि एकच अट घातली. "जुनी नोंदवही आधी उघडायची नाही. आधी मोज, बघ, लिही. मग ताडून बघ. उलटं केलंस तर डोळे नोंदवहीचंच ऐकतात."

तिसऱ्या आठवड्यात मी मासेवालीपाशी आले. आम्ही तिला मासेवाली म्हणत असू, पण ती मासे विकत नव्हती, साफ करत होती. हॉलंडकडचं जुनं चित्र. स्वयंपाकघर, खिडकीतून येणारा उजेड, बाह्या सरसावलेली बाई, तांब्याची परात, तीत मासे. दालनातलं सगळ्यांत मोलाचं चित्र हेच. मी मोजलं, वर्णन लिहिलं आणि नोंदवही उघडली. उंची जुळली. रुंदी पावणेतीन इंच कमी भरली. आणि वर्णनात जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘मासे साफ करणारी स्त्री, ताम्रपात्र व मांजर.’

चित्रात मांजर नव्हतं.

मी चार वेळा मोजलं. टॉर्च घेऊन कोपरा न् कोपरा बघितला. परात होती, मासे होते, डावीकडे कडेला लोंबणारी एक दोरी होती. मांजर नव्हतं. मग मी स्टूलावर बसले. याचा अर्थ कुणीही एकच काढला असता : खरं चित्र गेलं आणि कुणीतरी त्याच्या जागी हे लटकवलं. दालनाच्या किल्ल्या सव्वीस वर्षं एकाच व्यक्तीकडे होत्या.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. आकडा पेन्सिलीने लिहिला. घरी जाताना मनात आलं, की चारच महिने आहेत. जुनी रुंदी लिहिली तर कोण बघणार आहे? सकाळी उठले तेव्हाही तेच ठरलं होतं. पण टेबलापाशी मॅडमनी "कुठवर आलं?" असं नेहमीच्या आवाजात विचारलं आणि मी वही त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा चढवला. स्वतः जाऊन मोजलं. बराच वेळ चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लिही."

"मॅडम, जरा थांबलं तर... तुमची निवृत्ती..."

"शाईने लिही. आणि सचिवांना आजच कळव. तुझ्या सहीने. माझ्या नको."

आठ दिवसांत मंडळाची बैठक झाली. टिपणं घ्यायला मला बसवलं होतं. सचिवांनी जुन्या पडताळण्या टेबलावर मांडल्या. मॅडम रुजू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी दालनाची एक पडताळणी झाली होती. तिच्यात जुनाच आकडा होता आणि खाली मॅडमची सही.

"ही सही आपली?"

"माझी."

"म्हणजे तेव्हा चित्र पूर्ण मापाचं होतं."

"नाही. तेव्हा मी मोजलं नव्हतं. जुना आकडा उतरवून सही केली."

सचिवांनी हळूच विचारलं, "आणि नंतर? सव्वीस वर्षांत कधीच नाही मोजलं? आपण?"

"नाही. खाली माझी सही होती म्हणून परत मोजलं नाही. दुसऱ्या कुणाची असती तर मोजलं असतं."

"मांजर नाही हेही लक्षात आलं नाही?"

"आलं होतं. नोंद करणाऱ्याची चूक समजले. त्याच वहीत एका बकरीला त्याने कुत्रा लिहिलंय."

थुंकीवाले सदस्य खुर्चीत मागे रेलले. "आम्ही तेव्हाच म्हणालो होतो. असल्या जागी कुणाला नेमायचं याचा विचार व्हायला हवा."

माझं पेन थांबलं. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "विचार झाला असणार. नेमणुकीच्या पत्रावर आपलीच सही आहे."

पण बोलून काय होणार होतं? मॅडमना सक्तीची रजा मिळाली. किल्ल्या सचिवांकडे गेल्या. मुंबईहून एक तज्ज्ञ येणार होते, आणि त्यांनी चित्र बदललेलं आहे असं सांगितलं तर पोलिसांत तक्रार जाणार होती. किल्ल्या देताना मॅडमनी एकेक दाखवून सांगितलं, कुठली कुठली आहे, कुठली जरा उचलून फिरवावी लागते. मग पिशवी खांद्याला लावून जिना उतरल्या. मामा दारात उभे होते. त्यांनी बाईंची छत्री पुढे केली. ऊन होतं.

रविवारी मी वाघोलीला त्यांच्या घरी गेले. नवी वसाहत, एकसारख्या बारा इमारती, सातव्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली वडिलांचा कारखान्याच्या गणवेशातला फोटो. आई नव्वदीच्या आसपास असतील, पलंगावर बसून मटार सोलत होत्या. मॅडमनी दारातच मला दबक्या आवाजात सांगितलं, "आईला सुट्टी आहे असं सांगितलंय."

त्या चहा टाकायला आत गेल्या. आई माझ्याशी बोलू लागल्या. लेक कशी हट्टी, वयाचा विचार न करता कशी बसने जाते. मग म्हणाल्या, "लागल्यापासून सुट्टीच नाही घेतली पोरीनं. हिचा बाप दवाखान्यात होता, नवी नवी नोकरी होती, दुसरंच साल. रात्रभर तिथं बसायची अन् सकाळी हापिसात जायची. गेला तो, तरी चौथ्या दिवशी हजर."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. "मॅडम, दुसऱ्याच वर्षी? ती पडताळणी त्याच वेळची ना? तुम्ही बैठकीत का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं?"

"की वडील आजारी होते."

"बाबा आजारी होते म्हणून रुंदी वाढत नाही." त्यांनी दूध ओतलं. "ते असते तर त्यांनीच मला आधी धरलं असतं."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, की हे सगळं माझ्यामुळे झालं, मी तो आकडा लिहायलाच नको होता.

"बरोबर मोजलंस ना?"

"हो."

"बरोबर लिहिलंस?"

"हो."

"मग रडतेस कशाला? चहा घे." आणि कप देता देता त्या सहज म्हणाल्या, "मी आठ दिवस एकच विचार करतेय. फसवायला बसलेला माणूस मांजर गाळेल का? तो मांजर आधी रंगवेल. मिशांसकट."

त्यांनी स्वतःचा कप भरला.

"चित्राची मागची बाजू कधी बघितलीस?"

"मागे फळी ठोकलेली आहे."

"मी आले तेव्हाही होती. कुणी ठोकली, कधी ठोकली, कुठे नोंद नाही. इतरांच्या पाठी मी सगळ्या बघितल्या. ही फळी काढायची परवानगी दोनदा मागितली, मिळाली नाही, आणि मग मीही सोडून दिलं." त्या थांबल्या. "मी आता त्या चित्राला हात लावणार नाही. तू पत्र दे. तज्ज्ञ येतील तेव्हा फळी सगळ्यांसमोर उघडा म्हणावं."

मी तिथेच बसून पत्र लिहिलं. मॅडमनी वाचलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि परत लिहायला लावलं.

तज्ज्ञ बुधवारी आले. उंच, हडकुळे, जेमतेम बोलणारे. चित्र उतरवून टेबलावर मऊ चादरीवर पालथं ठेवलं. सचिव होते, मंडळाचे सदस्य होते, मॅडमनाही बोलावलं होतं. त्या दाराशी उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. मामा पक्कड घेऊन एकेक खिळा काढू लागले.

"लई खिळे मारल्यात," मामा पुटपुटले. "आतलं काय पळून जाईल अशी भीती हुती जणू."

फळी निघाली. तज्ज्ञांनी ती उलटी करून बघितली. आतल्या बाजूला पेन्सिलीने फ्रेम करणाऱ्याचं नाव आणि साल लिहिलेलं होतं. सचिवांनी ते मोठ्याने वाचलं. मी मनातल्या मनात वजाबाकी केली. मॅडम तेव्हा चौथीत असतील.

मग तज्ज्ञ चित्रावर वाकले. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणलेला असतो, त्याची कड सगळीकडून थोडी मागे दुमडतात. इथे तीन बाजूंना ती बोटभर होती. एका बाजूला चांगली चार बोटं रुंद, आणि तिच्यावर सरसाने जाड कागद पक्का चिकटवलेला. त्यांनी पातळ चाकूने त्या कागदाचा एक कोपरा सोडवला. इतकं सावकाश, की आम्ही सगळे नकळत श्वास धरून उभे होतो. टॉर्च लावला. खाली पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"इथे रंग आहे," ते म्हणाले.

आणखी पाऊण तास गेला. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि टॉर्च हातात दिला. दुमडलेल्या पट्टीवर, तडे गेलेल्या रंगात, एक कान दिसत होता. त्याच्याखाली पिवळा डोळा. आणि तीन मिशा. कुणा फ्रेमवाल्याकडे तयार चौकट होती ती चित्रापेक्षा अरुंद, म्हणून त्याने चित्र दुमडून तिच्यात बसवलं होतं, आणि मांजर जवळजवळ सगळं त्या दुमडीत गेलं होतं.

मी मागे वळून नुसती मान हलवली. मॅडमनी दाराची चौकट धरली.

सचिवांनी घसा खाकरला. "म्हणजे चोरी नाही?"

"नाही," तज्ज्ञ म्हणाले. "सुतारकी आहे."

पहिले हसले ते मामा. मग सगळेच. जुने सदस्य घड्याळ बघून निघून गेले. मॅडम टेबलापाशी आल्या, टॉर्च घेऊन त्या पिवळ्या डोळ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग चित्र अलगद सुलटं केल्यावर त्या कडेच्या दोरीवर उजेड टाकला, आणि त्यांचे खांदे हलू लागले. मला आधी वाटलं रडताहेत.

"सव्वीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मी लोकांना ही दोरी आहे म्हणून सांगत आले. शेपूट आहे गं ही."

सचिव किल्ल्या घेऊन पुढे आले. "मॅडम, आम्हाला कर्तव्य म्हणून करावं लागलं. आपण समजून घ्याल."

"बरोबर केलंत. मीही हेच केलं असतं." किल्ल्या घेऊन त्यांनी मोजल्या. "फक्त अहवालात माझ्या त्या सहीचं लिहा. न मोजता केली होती, असं स्पष्ट लिहा. चित्र सापडलं म्हणून ते पुसलं जाऊ नये."

सचिवांनी ते लिहिलं. अजूनही ते त्या फाइलमध्ये आहे. माझी सही करताना मी ते पान कधीकधी उघडते.

दुपारचे तीन वाजले होते. आम्ही खाली आलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आज बस नको. रिक्षा बघ." मी त्यांना सोडायला बरोबर बसले. त्यांनी पिशवीतून फोन काढून आईला लावला. "आई, सुट्टी संपली माझी. उद्यापासून जाऊन राहिली मी." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "हो, जेवते. घरीच येऊन राहिली आता. वरणभात टाकायला लाव."

त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, की मांजर उलगडायला वर्ष लागेल, घाई करायची नाही, पट्टीवरचा रंग आधी बसवून घ्यावा लागेल, तज्ज्ञांना पत्र... वाक्य अर्ध्यावर राहिलं. मी वळून पाहिलं तर त्यांना झोप लागली होती. नगर रोडची गर्दी, हॉर्न, ट्रकचा धूर, कशाचं काही नाही. थोड्या वेळाने त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. इतकं हलकं, की मला कसंसंच झालं. गेले वीस दिवस ही बाई झोपलीच नव्हती हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या मांडीवरून घसरणारी पिशवी धरून ठेवली.

वाघोलीला त्यांच्या सोसायटीचं फाटक आलं. रिक्षावाल्या काकांनी वेग कमी केला. "आलं बघा. उठवा त्यांना."

मी म्हटलं, "काका, जरा पुढे जाऊन वळून या ना."

त्यांनी आरशातून मागे पाहिलं. खड्डे चुकवत, सावकाश, ते सरळ पुढे निघाले.